धक्क्याखालची पोती

मी पोत्यावर हात ठेवला आणि पोतं हललं.

नऊ फूट पाण्याच्या तळाशी, श्वास रोखून, वाळूने भरलेल्या एका पोत्याची लांबी मोजायची, एवढंच त्या क्षणी माझं काम होतं. मोजपट्टीचं टोक धरायला मी डावा हात पुढे केला. हाताला पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागलं. मग पोत्याला शेपूट फुटलं आणि माझ्याहून लांब असं ते पोतं माझ्या छातीखालून सरकत थेट धक्क्याच्या भिंतीखाली निघून गेलं. त्याच्यामागून दुसरं गेलं. मग तिसरं.

मी वर कसा आलो ते मला आठवत नाही. मी लोखंडी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होतो, तोंडात स्नॉर्केलची नळी तशीच होती आणि त्या नळीतून मी ओरडत होतो, हे मला नंतर सांगण्यात आलं.

सांगणारे होते मिस्टर रामदीन. साठीला टेकलेले, मूळचे त्रिनिदादचे, पेशाने क्रेन ऑपरेटर. आपली क्रेन कुठे उभी राहणार ती जागा बघायला ते आले होते आणि धक्क्यावर बसून बायकोने दिलेली रोटी खात होते.

"नर्स शार्क," ते म्हणाले. "काही करत नाहीत. दिवसभर एकमेकांच्या अंगावर झोपून असतात. तू उठवलंस त्यांना."

"किती आहेत?"

"सहा-सात. हरिकेननंतर आले. आधी नव्हते."

माझी शार्कची भीती ओसरली. तिच्या जागी दुसरी, मोठी भीती आली. कारण आदल्याच दिवशी, मंगळवारी, मी आमच्या ऑफिसला फॅक्स पाठवला होता. भिंतीच्या पायथ्याशी वाळूची सहा पोती जागच्या जागी आहेत, धक्का क्रेनसाठी सुरक्षित आहे, असं त्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

हा घोळ कसा झाला ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी सिव्हिल इंजिनियर. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मिनेसोटात ईडन प्रेरीमधल्या एका कंपनीत होतो. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून ते पिण्याजोगं करणारी यंत्रं आमची कंपनी बसवून द्यायची. आमच्या ऑफिसपासून समुद्र कुठल्याही दिशेला जवळ नव्हता, पण कामं सगळी समुद्राकाठची. असंच एक तीस टनांचं यंत्र सेंट क्रॉयवरच्या एका हॉटेलला जायचं होतं. हे बेट कॅरिबियन समुद्रात आहे, पण अमेरिकेच्या ताब्यात. तिथे नदी नाही. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. यंत्र बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या होडीवर, लादून येणार होतं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता बार्ज हॉटेलच्या धक्क्याला लागणार आणि धक्क्यावर उभी असलेली क्रेन यंत्र उचलून घेणार, असा बेत होता. धक्का जुना होता. दोन वर्षांपूर्वी एका डायव्हरने तो खालून तपासून चांगला ठरवला होता, पण त्यानंतर बेटावर हरिकेनचं वादळ येऊन गेलं होतं. म्हणून कुणीतरी आधी जाऊन तो एकदा डोळ्यांखालून घालायचा होता.

फेब्रुवारीतल्या सोमवारच्या मीटिंगमध्ये माझा बॉस कार्ल म्हणाला, "पोहता कुणाला येतं?"

माझा हात वर गेला. बाहेर बर्फ कंबरेएवढा साचला होता, तेवढं कारण पुरे होतं. पण खरं कारण वेगळं. आपल्या माणसाला अमेरिकन बॉसने "येतं का?" असं विचारलं, की तोंडातून "हो"च निघतं. नाही म्हटलं तर उद्या आपल्याला विचारणारच नाहीत, अशी धाकधूक असते. आणि ग्रीन कार्डची फाइल त्याच्याच टेबलावर असते. माझीही होती.

मला पोहता येतं, हे खोटं नव्हतं. फक्त मी ते विहिरीत शिकलो होतो. दुसरी एक बारीकशी गोष्ट मी सांगितली नाही. माझ्या चष्म्याचा नंबर उणे सहा आहे. पोहण्याच्या मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. काड्या मध्ये येतात, रबर चेहऱ्याला चिकटत नाही आणि पाणी आत शिरतं. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात हे मला माहीत नव्हतं, आणि चौकशी केली असती तर नंबर सांगावा लागला असता. तेव्हा पुढच्या आठवड्यात बेटावर पोचल्यावर, मंगळवारी, मी चष्मा शर्टात गुंडाळून धक्क्यावर ठेवला आणि पाण्यात उतरलो.

वरून तरंगत पाहिलं. सगळीकडे निळं, त्यात एक राखाडी भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी तपकिरी, लांबट, एकमेकांवर रचलेलं काहीतरी. माझ्याकडच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं की हरिकेननंतर पायथ्याशी वाळूची पोती टाकली आहेत. कागदावर पोती, पाण्यात पोती. कागदावरची गोष्ट जागेवर सापडली की इंजिनियरला जो आनंद होतो तो मला झाला. मी सहा मोजली, खाली बुडी मारायचीही तसदी घेतली नाही, आणि वर येऊन फॅक्स केला. फोटो उद्या काढतो, असं तळटीप म्हणून लिहिलं. बुधवारी फोटो काढायला उतरलो तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे.

पोती तिथे कशाला, हेही सांगतो. समुद्राकडच्या भिंतीला लाट येऊन धडकते तेव्हा भिंतीचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तिच्या पायाखाली. लाट परत जाताना मूठभर वाळू घेऊन जाते. रोज मूठभर, आणि हरिकेनमध्ये ट्रकच्या ट्रक. याला आम्ही स्कावर म्हणतो. पायाखालची वाळू गेली की भिंतीमागचा भराव खालून गळायला लागतो. वरचा काँक्रीटचा स्लॅब जसाच्या तसा दिसतो, त्यावर माणसं फिरतात, टेबल मांडून जेवतात. जड काही वर आलं की मग कळतं. म्हणून पायथ्याशी पोती टाकून वाळू धरून ठेवतात. ती पोती आता तिथे नव्हती. जी होती ती पोहत निघून गेली होती.

"मिस्टर रामदीन," मी शिडीवरूनच विचारलं, "ते गेले कुठे?"

"भिंतीखाली. तिथेच राहतात."

माझ्या ड्रॉइंगप्रमाणे भिंतीखाली घट्ट भराव होता. घट्ट भरावात आठ फुटांचा मासा राहत नाही.

मला आजोबा आठवले. आमचं गाव भंडाऱ्याच्या बाजूचं. आजोबा विहिरी बांधायचे आणि जुन्या विहिरी उपसून साफ करायचे. विहिरीत उतरायच्या आधी ते काठावर बसून विडी ओढत नुसते बघत राहायचे. पाणसाप दगडांच्या कोणत्या फटीत शिरतो, ते बघायचे. साप अर्धा शिरून परत फिरला तर दगडामागे माती आहे. शेपटीसकट आत गेला तर माती गेलेली आहे, त्या दगडावर पाय द्यायचा नाही. गावातल्या ज्या विहिरी त्यांनी बांधल्या, त्यांचं पाणी त्यांना काढू देत नसत. आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. तीही त्यांनीच बांधलेली, आणि पाठीला सुका भोपळा बांधून मी पोहायला शिकलो ते तिच्यातच. घरात ही गोष्ट कुणी रडून सांगत नसे. आजोबा म्हणायचे, त्यांच्या विहिरीपेक्षा आपली चांगली बांधली आहे.

मी चष्मा लावला आणि धक्क्याच्या काठावर पाय सोडून बसलो. विडी तेवढी नव्हती. पाणी स्वच्छ होतं, वरूनही तळ दिसत होता. अर्ध्या तासाने एक शार्क आळसावल्यासारखा बाहेर आला, एक गिरकी घेतली आणि परत आत गेला. शेपटीसकट.

शार्क आठ फुटांचा, म्हणून मी काठापासून आठ फूट आत खडूने रेघ मारली. क्रेन वजन उचलताना चार लोखंडी पाय पसरून उभी राहते. त्यातला पुढचा डावा पाय कुठे टेकायचा, त्याची लाल खूण कुणीतरी आधीच केलेली होती. ती काठापासून सहा फुटांवर होती. म्हणजे माझ्या रेघेच्या अलीकडे, जिथे शार्क झोपत होते त्याच्या बरोबर वर.

"क्रेनचा पाय इथेच टेकणार?" मी विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही कुठे असणार?"

"केबिनमध्ये. आणखी कुठे?" मिस्टर रामदीननी खुणेकडे बघितलं, खाली पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातली रोटी त्यांनी परत कागदात गुंडाळली.

हॉटेलच्या लॉबीतून मी कार्लला फोन लावला.

"कार्ल, कालचा फॅक्स मला मागे घ्यायचा आहे."

"का?"

"ती पोती नव्हती."

"मग काय होतं?"

"शार्क."

मिनेसोटाची माणसं चिडली की ओरडत नाहीत, गप्प होतात. कार्ल इतका वेळ गप्प होता की लाइन कट झाली असं मला वाटलं.

"मिल," तो म्हणाला. माझं नाव मिलिंद, पण तिथे सगळे मिलच म्हणत. "आमच्या इंजिनियरने शार्कना सँडबॅग म्हणून पास केलं, असं तू मला सांगतो आहेस?"

"हो. सहा."

"हे झालं कसं?"

पाणी गढूळ होतं, असं सांगता आलं असतं. कुणीही मान्य केलं असतं. पण धक्क्यावर मिस्टर रामदीन अजून त्या लाल खुणेपाशीच उभे होते आणि मला काचेतून दिसत होते.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही," मी म्हणालो. "तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

मग तो म्हणाला, "ऐक. बार्ज उद्या प्वेर्तो रिकोहून निघतंय. डायव्हर पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नाही. आपल्या माणसाला मासा आत जाताना दिसला, एवढ्यावर मी क्लायंटला थांबवू शकत नाही. त्यात तो माणूस कालच चुकला आहे. उद्या दुपारपर्यंत मला नाकारता येणार नाही असं काहीतरी दाखव. नाहीतर शुक्रवारी क्रेन उभी राहील."

"मी सही काढून घेतली तरी?"

"तुझी सही चालत नाही, मिल. माझी चालते."

ते खरं होतं. सही करायचं लायसन्स त्याचं होतं, मी अजून त्याच्या हाताखालीच होतो. मी फोन ठेवला. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, बायको-मुलीला घेऊन परत जावं लागणार, हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पण त्याहून वाईट म्हणजे, शुक्रवारी दहा वाजता एक भला माणूस माझ्या फॅक्सवर विश्वास ठेवून केबिनमध्ये बसणार होता.

संध्याकाळी घरी फोन केला. माझी बायको संगीता मुंबईची. ती भिडस्त अजिबात नाही.

"तू चष्मा न लावता पाण्यात उतरलास?" ती म्हणाली. "अरे, तुला घरात चष्म्याशिवाय फ्रिज सापडत नाही!"

"मास्कमध्ये बसत नाही ना चष्मा. काड्या आड येतात."

"मग काड्या मोडून टाक! बॅगेच्या साइडच्या कप्प्यात दुसरा चष्मा ठेवलाय मी. तू नको नको म्हणत होतास ना, तोच. आणि शार्क म्हणजे आपली मुशीच ना? तिला कसला घाबरतोस, यार. आमच्याकडे मसाला लावून खातात."

मागून आमची सहा वर्षांची मुलगी प्रज्ञा ओरडली, "बाबा, डिड यू टच इट?"

"हो गं. चुकून."

"दॅट्स सो कूल! कॅन आय टेल माय क्लास?"

"आत्ता नको. आधी बाबाची नोकरी राहू दे."

मी इंजिनियर, ती पूर्वी शाळेत इतिहास शिकवणारी. पण काड्या मोडायची कल्पना तिलाच सुचली, मला नाही. याचा उल्लेख ती आजही वर्षातून दोनदा करते.

गुरुवारी सकाळी मिस्टर रामदीन मला त्यांच्या बायकोच्या रोटीच्या दुकानात घेऊन गेले. माझ्या डोक्यात एकच विचार होता: रंग. पाणी कुठे मुरतं आणि कुठून निघतं हे शोधायला पाण्यात रंग सोडतात. संडासची टाकी गळते का, हे बघायला प्लंबरही तेच करतो. त्यासाठी एक हिरवा रंग बाजारात मिळतो. बेटावरच्या दोन दुकानांत विचारलं, नव्हता. विचार करता करता बटाट्याची रोटी खाऊन संपली आणि हात धुवायला उठलो. साबणाने धुतला, परत धुतला, बोटं पिवळी ती पिवळीच.

"काकू," मी मिसेस रामदीनना म्हणालो. तोंडातून काकूच निघालं आणि त्यांनाही ते चाललं. "तुमच्याकडे हळद किती आहे?"

"हरदी?" त्यांनी विचारलं. त्यांचे पणजोबा कलकत्त्याहून जहाजात बसून उसाच्या मळ्यावर मजुरीला आले होते. भाषा सगळी गेली, स्वयंपाकघरातले शब्द तेवढे टिकले. "किती पाहिजे?"

"आहे तेवढी."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान हलवली. पाच-पाच पौंडांच्या तीन पिशव्या काउंटरवर आल्या.

अकरा वाजता आम्ही तीन बादल्यांत एकेक पिशवी हळद कालवून धक्क्यावर होतो. धक्क्याच्या स्लॅबमध्ये काठापासून दहा फुटांवर एक जॉइंट होता, म्हणजे काँक्रीटला उन्हात फुगायला मुद्दाम ठेवलेली बोटभर फट. तिच्यातलं डांबर कधीच निघून गेलं होतं. माझा हिशोब साधा होता. खाली घट्ट भराव असेल तर फटीत ओतलेलं पाणी वरच साचेल. खाली पोकळी असेल तर पाणी खाली पडेल आणि समुद्राला मिळेल. कुठून मिळालं ते हळद सांगेल.

बादल्या बघून हॉटेलचा मॅनेजर ब्रॅडली धावत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, घामाघूम.

"उद्या माझं यंत्र येतंय आणि तू माझ्या धक्क्यावर करी पावडर ओततो आहेस?"

"करी पावडर नाही. नुसती हळद."

"फरक काय?"

हा प्रश्न त्याने माझ्या आईसमोर विचारला नाही, हे त्याचं नशीब. मी म्हणालो, "सर, मला अर्धा तास द्या. काही झालं नाही तर धक्का मी स्वतः धुऊन देतो."

"अर्धा तास," तो म्हणाला आणि घड्याळ बघत तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या चष्म्याच्या काड्या मी कटकन मोडल्या. मिस्टर रामदीननी काळी इलेक्ट्रिकल टेप लावून काचा मास्कच्या आत नाकावर पक्क्या बसवल्या. मी शिडीवरून पाण्यात उतरलो आणि डोकं खाली घातलं.

खरं सांगतो, समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. आदल्या दोन दिवसांत मला जे निळं दिसलं होतं त्यात मासे होते. पिवळे, पट्ट्यांचे, एक तर चक्क जांभळा. वाळूवर माझी सावली होती. आणि भिंतीखाली एक तोंड होतं. दीड फूट उंच, दहा फूट रुंद, आत काळोख. तोंडाच्या कडेला फाटक्या पोत्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. हरिकेननंतर टाकलेल्या पोत्यांचं एवढंच उरलं होतं. काळोखात एकाला एक चिकटून ते झोपले होते. ओठाशी दोन मिशा, बारीक डोळे, गालफडं हळूहळू हलत असलेली. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. पण त्यांच्याकडे बघत राहावंसंही वाटत होतं. सरळ बघायला मिळालं की भीतीचा आकार लहान होतो, हे मला तिथे कळलं.

मी हात वर करून खूण केली. मिस्टर रामदीननी पहिली बादली फटीत ओतली आणि मागून बागेचा पाइप सोडला.

काही झालं नाही.

डोकं वर काढलं. "पाणी साचतंय का?"

"एक थेंब नाही," मिस्टर रामदीन म्हणाले. "सगळं आत चाललंय."

"पाणी कुठेही मुरतं," ब्रॅडली म्हणाला. "वीस मिनिटं राहिली."

दुसरी बादली गेली. मी नळीतून श्वास घेत तोंडावर नजर लावून बसलो. काळोख तसाच. माझ्या मनात आलं, की पोकळी असेल पण लहान असेल, पाणी दुसरीकडे जात असेल, शार्क दाटीवाटीने नुसते कडेला झोपत असतील. मग मी दुसऱ्यांदा चुकलेला माणूस ठरणार होतो, आणि दुसऱ्यांदा चुकलेल्याचं कोणी ऐकत नाही. कार्लसाठी तर पहिली चूकच पुरेशी होती.

"तिसरी पण ओता," मी ओरडलो. "पाइप फुल सोडा!"

एक मिनिट गेलं असेल. भिंतीखालच्या काळोखाचा रंग बदलला. आधी मळकट, मग मातकट, मग उकळत्या वरणात हळद टाकावी तसा एक पिवळा लोट तळातून फुगत बाहेर आला. भिंतीखालून, दहा फूट रुंद तोंडातून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि त्या लोटातून वैतागलेला पहिला शार्क बाहेर पडला.

मी शिडीला बिलगून बाजूला झालो. वरून ब्रॅडलीचा आवाज आला.

"वन," तो म्हणाला. "टू. थ्री." तो पोटावर आडवा होऊन काठावरून खाली डोकावत होता, इस्त्रीच्या शर्टासकट. "फोर, फाइव्ह. ओ माय गॉड. सिक्स."

थोड्या वेळाने सातवा आला. सगळ्यांत मोठा तोच. शांतपणे, कुणी घरमालक भाडेकरूंच्या मागून निघावा तसा.

घर रिकामं झाल्यावर मी प्लास्टिकचा दहा फुटी पाइप घेऊन बुडी मारली आणि तो तोंडातून आत सारला. पाइप पूर्ण गेला. खांद्यापर्यंत हात गेला. टोकाला काहीच लागलं नाही. वर येऊन मी ते आकडे ब्रॅडलीला सांगितले. तो लाल खुणेवर उभा होता. आकडे ऐकल्यावर तो तिथून बाजूला सरकला.

"क्रेन रस्त्यावरच राहू दे," तो मिस्टर रामदीनना म्हणाला.

मिस्टर रामदीननी माझ्या ओल्या, पिवळ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मी परत पाण्यात पडणार होतो.

कार्लला फोन ब्रॅडलीनेच केला. मी त्याच्या ऑफिसमध्ये गालिच्यावर पिवळं पाणी ठिबकवत उभा होतो. तो म्हणाला, "तुझ्या इंजिनियरने मंगळवारी लिहून दिलं की धक्का चांगला आहे. गुरुवारी त्यानेच सिद्ध केलं की नाही. पुढच्या कामाला मला गुरुवारचा माणूस पाठव."

मग रिसीव्हर माझ्याकडे आला.

"हळद?" कार्लने विचारलं.

"हळद."

"रिपोर्टमध्ये तसंच लिही," तो म्हणाला. "आणि चष्म्याचंही लिही. पहिल्या पानावर."

मी लिहिलं. अख्ख्या आयुष्यात मला सर्वांत जड गेलेला परिच्छेद तोच, आणि आज सर्वांत आवडतो तोही तोच.

यंत्र चार दिवस उशिरा सरकारी बंदरावर उतरलं आणि ट्रकवर लादून हॉटेलात आलं. क्रेनच्या केबिनमध्ये मिस्टर रामदीनच होते. दीड महिन्याने त्यांचा ईडन प्रेरीला फोन आला. दुरुस्तीवाल्यांनी स्लॅब फोडायला सुरुवात केली होती.

"लाल खुणेवर ब्रेकर टेकवला," ते म्हणाले. "दोन मिनिटांत काँक्रीट खाली पडलं. मी पोटावर झोपून आत बघितलं, बेटा. माझी अख्खी केबिन मावली असती." मग म्हणाले, "खाली उजेड पडला होता. एक शार्क तिथेच झोपलेला होता."

माझे डोळे भरून आले. मिसेस रामदीननी फोन घेतला आणि सांगितलं, की पुढच्या वेळी येशील तेव्हा जेवायला ये, ओतायला येऊ नकोस. मग प्रज्ञाला मी वर्गात सांगायची परवानगी दिली. तिच्या टीचरचा विश्वास बसला नाही. प्रज्ञाने पिवळे झालेले माझे पाण्यात घालायचे रबरी मोजे शाळेत नेऊन दाखवले.

ग्रीन कार्ड आलं, आणि काही वर्षांनी लायसन्सही. आमच्या ऑफिसच्या तपासणी फॉर्मवर कार्लने एक नवी ओळ घातली: पाहणाऱ्याला पाण्याखाली स्पष्ट दिसतं का, हो किंवा नाही. तिला सगळे मिलची ओळ म्हणत. मला आधी राग यायचा. नंतर मी नव्या लोकांना ती स्वतःच दाखवायला लागलो. आजोबांच्या नावाची पाटी कुठल्या विहिरीवर लागली नाही. माझ्या नावाची एक ओळ तरी लागली, तीही चुकीबद्दल.

आता माणसं मी निवडतो. मी कुणाला काय येतं ते विचारत नाही, ते बायोडेटात असतंच. काय येत नाही, ते विचारतो. आपल्याकडून आलेली मुलं हमखास म्हणतात, "सर, सगळं येतं." मग मी ड्रॉवर उघडून बिनकाड्यांचा एक चष्मा टेबलावर ठेवतो. त्याच्या नाकावरच्या रबरात बसलेली हळद इतक्या वर्षांत गेलेली नाही. संगीताने घासून बघितलं, मीही बघितलं. मी ही हकीकत सांगतो. ऐकून झाल्यावर बहुतेक जण खरं सांगायला लागतात.

मागच्या महिन्यात नागपूरच्या एका मुलीने मान खाली घालून सांगितलं, "सर, मला उंचीची फार भीती वाटते." तिला मी त्याच दिवशी घेतलं. पुलांच्या कामावर नाही.